कंबरदुखी

पाठीच्या कण्याचा खालचा भाग, म्हणजे कमरेचे पाच मणके, त्यांमधल्या चकत्या, स्नायू व अस्थिबंध यांतून उद्भवणारी वेदना. बहुतेक रुग्णांत तिचे एकच नेमके कारण सापडत नाही. एक्स-रेत दिसणारी झीज वेदना नसलेल्यांतही आढळते. तरीही रुग्ण फोटोचा आग्रह धरतो आणि डॉक्टरही तो पुरवतात.

कष्टाच्या कामातून कमरेवर ताण कसा येतो, याचे उदाहरण म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा हा धानाचा तालुका. पावसाळ्यात रोवण्याच्या वेळी बाया दिवसभर चिखलाच्या बांधीत (भातखाचरात) वाकून पऱ्हे (धानाची रोपे) लावतात. त्याआधी उन्हाळ्यात मोहफुले वेचणे आणि तेंदूपाने तोडणे असते. वाकण्याला ओझ्याची जोड मिळाली की चकतीवरचा दाब वाढतो. चकती सरकून मज्जातंतू दाबला गेल्यास कळ पायात उतरते. या भागात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचाही विचार करावा लागतो, कारण त्याच्या वेदनेच्या झटक्यात पाठ-कंबर असह्य दुखते. मणक्याच्या क्षयात ताप येतो, वजन घटते; त्यावर क्षयाचीच औषधे लागतात.

साधी कंबरदुखी बहुधा सहा आठवड्यांत ओसरते. अंथरुणाला खिळून राहणे अपायकारक. हिंडणे-फिरणे, शेक, व्यायाम आणि गरजेपुरती वेदनाशामके पुरतात. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ग्रामीण पाठदुखीला आरोग्यप्रश्न म्हणून हाती घेतले, हे महत्त्वाचे. एरवी ती कष्टकऱ्याच्या नशिबाचा भाग मानली जाते. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरता किंवा पाय लुळा पडणे दिसताच त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.