नादाची जात आणि कालतत्त्व

एकाच तारतेच्या व तीव्रतेच्या दोन नादांत जो भेद जाणवतो, म्हणजेच नादाची जी जात, ती उपस्वरांच्या प्रमाणावर अवलंबून असते, असा सिद्धान्त हेल्महोल्त्सने १८६३ साली मांडला. नादाच्या आरंभाला व अंताला स्वतःची लक्षणे असतात हे त्याला ठाऊक होते. परंतु विवेचनासाठी त्याने स्थिर नादच घेतला. पुढील पाठ्यपुस्तकांतून बहुधा ही मर्यादा गळाली आणि सिद्धान्त तेवढा उरला.

त्या मर्यादेबाहेर काय राहिले होते, हे पिएर शेफेरने १९४८ साली पॅरिसच्या नभोवाणीत केलेल्या प्रयोगाने कानालाच पटवून दिले. घंटेच्या ध्वनिमुद्रणातून त्याने टोल्याचा क्षण वगळला व ओसरत जाणारी तीव्रता समान राखली; तेव्हा तो नाद ओबो ह्या सुषिर वाद्यासारखा ऐकू येऊ लागला. उपस्वर घंटेचेच होते. बदलला होता तो तीव्रतेचा कालानुसारी आलेख. ह्या आलेखालाच एन्व्हलप म्हणतात.

सिंथेसायझरमध्ये तो आला तो मात्र सिद्धान्ताच्या वाटेने नव्हे. ऑसिलेटर अखंड वाजत राहतो; त्यातून स्वर निर्माण व्हावयाचा तर त्याला आदि आणि अंत द्यावा लागतो. रॉबर्ट मूगबरोबर १९६४ साली काम करणारे संगीतकार हर्बर्ट डॉइच ह्यांची मागणी हीच होती, आणि तिच्यासाठी पहिले साधन वापरले गेले ते दारावरच्या घंटीचे साधे बटण! १९६५ साली व्लादिमीर उसाचेव्हस्की ह्यांनी मूगकडे चार अंगांच्या एन्व्हलपची मागणी नोंदविली : उठाव, उतार, स्थिर पातळी आणि विलय. ॲटॅक, डिके, सस्टेन, रिलीज ही आज रूढ असलेली नावे ह्याच अंगांची होत. ह्यांपैकी तीन कालावधी आहेत, तर सस्टेन ही केवळ पातळी आहे. कारण स्वर किती काळ टिकवावयाचा हे पट्टी दाबणाऱ्या बोटाने ठरवावयाचे असते. म्हणून ही चतुरंग योजना नादाचा निसर्गनियम नसून पट्टीच्या वाद्याचा संकेत आहे, असे आमचे मत आहे. छेडलेल्या तारेला सस्टेन मुळातच नसतो.

ह्या योजनेची उणीव त्याच दशकात बेल प्रयोगशाळेत झां-क्लोद रिसे ह्यांनी संगणकाद्वारे केलेल्या ट्रंपेटच्या पृथक्करणातून स्पष्ट झाली. उच्च उपस्वर नीच उपस्वरांच्या मागाहून उठतात, असे त्यांना आढळले. अर्थात प्रत्येक उपस्वराचा एन्व्हलप निराळा. मूगच्या यंत्रात दुसरा एन्व्हलप फिल्टरला जोडून स्वर उठताना क्रमाने उजळविता येई. त्यामुळे ट्रंपेटचा भास होई, परंतु सर्व उपस्वर एकाच चढणीने बांधलेले राहत.