शब्दवेध : अश्लील

वर्तमानपत्रांत ‘अश्लील चाळे’ ही जोडगोळी इतकी ठरलेली आहे की ‘अश्लील’ला स्वतंत्र संसार असेल असं वाटतच नाही. पण हा शब्द चांगल्या घरातला. मूळ ‘श्री’. श्री म्हणजे शोभा. ती ज्यात, ते श्रीर. ‘र’चा ‘ल’ झाला, पुढे ‘अ’ लागला. म्हणजे अश्लील ते, ज्याची शोभा गेली. कपड्यांचा यात कुठेच उल्लेख नाही!

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अश्लील हा काव्यदोष सांगितला, तोही तीन प्रकारचा: लाज आणणारा, किळस आणणारा आणि अमंगल सुचवणारा. मरणाची आठवण करून देणारा शब्दही त्याच्या लेखी अश्लीलच. पुढे किळस गेली, अमंगल गेलं. उरली फक्त लाज.

‘नग्न’ची वाट वेगळी. त्याच्यापासून आपला ‘नागडा’ आला आणि ‘नागवणे’ही. सावकार कुळाला नागवतो, तेव्हा अंगावरचं धोतर शाबूत असतं.

हे दोन शब्द एकमेकांत गुंतले की भानगड होते. 1954 साली मुंबईत जहांगीर कलादालनात चित्रकार अकबर पदमसींच्या ‘लव्हर्स’ चित्रांवर अश्लीलतेचा खटला झाला. चित्रात नग्न जोडपं, त्याचा हात तिच्या स्तनावर. पदमसी निर्दोष सुटले. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे.

तेव्हा संपादकहो, चित्र नग्न असेल तर नग्नच छापा. आणि ‘अश्लील’ लिहायची वेळ आलीच, तर ‘श्ली’ दीर्घ.