तिच्या ताटात काय होतं?

साल १९३०. तुम्ही परळमध्ये उभे आहात. गिरणीचा भोंगा नुकताच झालाय, पाळी सुटलेल्या बायका घराकडे निघाल्यात. त्यांच्यातल्या काहीजणी गरोदर आहेत. चेहरा पांढराफटक, चार पावलं चाललं की धाप.

हाफकिन संस्थेत शिरा. ही वास्तू एकेकाळी गव्हर्नरचं निवासस्थान होती. आत डॉ. ल्युसी विल्स सूक्ष्मदर्शकावर वाकल्या आहेत. मुंबई इलाख्यात आणि देशभर इतक्या बायका बाळंतपणात का दगावतात, याच्या चौकशीसाठी डॉ. मार्गारेट बालफोर यांनी १९२८ मध्ये त्यांना इंग्लंडहून बोलावून घेतलं.

तुम्हीही भिंगाला डोळा लावा. तांबड्या पेशी मोजक्याच, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात. इथे उलटंच दिसतंय. विल्स आधी जंतू शोधतात. त्याने उलगडा होत नाही.

मग एस. एन. तळपदे यांच्यासह त्या मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी करतात. रोज काय जेवता? दूध मिळतं का? फळं, पालेभाजी? आजारी पडणाऱ्या बहुतेक गरीब घरच्या, आणि नेमक्या याच गोष्टी त्यांच्या ताटात नाहीत. तसंच जेवण उंदरांना दिलं जातं. पण त्यांच्यात उवांमधून पसरणारा एक जंतू निघतो आणि प्रयोगात घोळ होतो. आता माकडांवर प्रयोग. रक्त खालावलेलं माकड मार्माइटने, म्हणजे यीस्टच्या स्वस्त अर्काने, सुधारतं.

आता वॉर्डात चला. तोच काळपट, खारट अर्क बायकांना दिला जातोय. काही दिवसांतच रक्तात नव्या, तरुण पेशींची गर्दी उसळते. यकृताचा साधा अर्कही गुण देतो, पण तो महाग. म्हणजे यीस्टच्या अर्कात काहीतरी आहे, अजून नाव नसलेलं. १९३१ मध्ये विल्स हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडतात. पुढे दिसतं की शुद्ध केलेला यकृत अर्क इथे चालतच नाही: हे काहीतरी वेगळंच आहे.

दहा वर्षं पुढे या, १९४१ मध्ये. अमेरिकेत चार टन पालकातून एक द्रव्य वेगळं काढलं जातं: फोलिक आम्ल. पेशीला दुभंगण्यासाठी ते लागतं. ते नसलं की पेशी वाढते, पण तिच्या दोन होत नाहीत. परळमध्ये दिसलेल्या मोठ्या पेशींचं कोडं पुढे यातूनच सुटतं.

आणखी पुढे, १९९१. आधीच्या खेपेस बाळाच्या मज्जारज्जूत दोष राहिलेल्या स्त्रियांवरची चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये छापून येते: फोलिक आम्लाने तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं.

आता आपल्या काळात परत या. ज्या नळीतून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून मूल हवं असं ठरलं की त्याच दिवसापासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, फोलिक आम्लाची गोळी सुरू व्हायला हवी. तिच्यामागे गिरणगावातल्या बायकांचं रक्त आहे. त्यांची नावं कुठे छापली गेली नाहीत. आणि घरात कुणाला दिवस गेले असतील, तर विल्स यांचा प्रश्न आजही पहिला विचारायचा आहे: तिच्या ताटात काय आहे?