पहिल्या फोटोची तयारी

आमच्या पिढीतल्या बऱ्याच घरांत भिंतीवर असा एखादा फोटो असायचा. खुर्चीत ताठ बसलेले आजोबा, दोन्ही हात गुडघ्यांवर. शेजारी उभी असलेली आजी, डोक्यावरून पदर. हसू दोघांच्याही चेहऱ्यावर नाही. नातवंडं विचारतात, "हे एवढे रागावलेत का?" त्याचं उत्तर त्यांच्या स्वभावात कमी आणि रसायनशास्त्रात जास्त सापडतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

ऑगस्ट १८३९ मध्ये पॅरिसला दागेर यांची पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायचं, पण त्याला कित्येक मिनिटं लागायची. इमारत तेवढा वेळ हलत नाही, माणूस हलतो! त्याच वर्षी फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस यांनी स्वतःचा फोटो काढला. त्यात केस विस्कटलेले आहेत. तयारी म्हणाल तर स्तब्ध राहायचं, एवढीच. न्यूयॉर्कमध्ये प्रा. ड्रेपर यांनी सुरुवातीच्या प्रयोगांत समोरच्या माणसाच्या चेहऱ्याला पांढरी भुकटी फासली, कारण चेहरा जितका उजळ तितका वेळ कमी. पुढे त्यांना कळलं की भुकटीची गरज नव्हती. १८४१ मध्ये लंडनला रिचर्ड बिअर्ड यांचा स्टुडिओ उघडला, तोही उजेडासाठी इमारतीच्या माथ्यावर. अशा स्टुडिओंत माणसाच्या पाठीमागे एक लोखंडी दांडा उभा करत आणि त्याच्या चिमट्यात डोकं मागून टेकवून ठेवत. काही जुन्या फोटोंत उभ्या माणसाच्या पायांमागे त्या दांड्याची बैठक चक्क दिसते. आता सांगा, अशा अवस्थेत हसू किती वेळ टिकणार?

दुसरी गंमत रंगांची. त्या काळच्या काचांना निळा उजेड लवकर कळे, तांबडा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे फिकट निळं वस्त्र पांढरं दिसे आणि लाल वस्त्र काळं. फोटोग्राफर सांगत, पांढरे किंवा फिकट निळे कपडे नकोत, गडद घालून या. आपल्याकडे याचा परिणाम काय झाला असेल पाहा. लाल कुंकू काळं उमटे, सोनं निस्तेज दिसे आणि सावळा चेहरा आहे त्याहून काळा. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन शास्त्रज्ञांनी काचेवरच्या रसायनात रंगद्रव्य मिसळून हिरवा-पिवळा उजेड टिपायची युक्ती काढली. लाल मात्र आणखी बरीच वर्षं काळाच राहिला.

मुंबईत ही विद्या लवकर आली. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्गही निघाला, आणि तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे स्वतःचा स्टुडिओ चालवला. पण फोटोनं आयुष्य घटतं, ही भीती लोकांच्या मनात होतीच. शिवाय परक्या पुरुषासमोर बाईमाणसानं बसायचं कसं? १८९२ मध्ये लाला दीनदयाळ यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. पडद्यातल्या बायकांच्या तयारीत आधी ही सोय लागायची, लुगडं-दागिने त्यानंतर.

१८८० नंतर वेगवान कोरड्या काचा आल्या. लोखंडी दांडा हळूहळू गेला, पण ताठ बसणं काही गेलं नाही. जी गोष्ट यंत्राची गरज होती ती आता रीत झाली होती. आणखीही एक कारण होतं. पुष्कळांचा जन्मात एकच फोटो निघायचा. माणूस गेल्यावर हार घालायचा तो त्यालाच. तोही नसला तर लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा काढून मोठा करून घेत. मागे आपण कसे उरणार हे ज्या क्षणी ठरतं, त्या क्षणी माणूस गंभीरच होणार ना?

आनंदीबाई जोशींचा एक फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय. सोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या वेशात, तिघी गंभीर. आनंदीबाई साडीत आहेत. पुढच्या वर्षी त्या डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्याही, वय अवघं एकवीस. आज त्यांचा चेहरा आपल्याला ओळखीचा वाटतो, तो अशा मोजक्या फोटोंमुळेच.

तेव्हा घरातला जुना फोटो काढून मुलांना दाखवाल तेव्हा एवढं जरूर सांगा. आजोबा रागावलेले नाहीत, ते हलू नये म्हणून जपताहेत. आणि आजीच्या कपाळावर काळं दिसतंय ते कुंकू लालच होतं. फोटोच्या मागे पेन्सिलीनं हळूच नावंही लिहून ठेवा. आपल्यानंतर ती सांगणारं कोणी नसेल.