समुद्रतळाचा तंटा आणि संगणक

दोन पक्षांमधला तंटा मिटवायला संगणकाचा काय उपयोग? कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हा प्रश्न आज पुन्हा विचारला जातो. त्याचे एक जुने उत्तर आपण पाहू.

खोल समुद्राच्या तळावर बटाट्याएवढे गोटे विखुरलेले असतात. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट असते. कोणत्याही देशाच्या हद्दीत नसलेला हा समुद्रतळ म्हणजे साऱ्या मानवजातीचा वारसा, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० साली जाहीर केले. पण गोटे वर काढण्याचे तंत्र श्रीमंत देशांतील कंपन्यांकडे होते. १९७३ साली सुरू झालेल्या सागरी कायदा परिषदेत यावरून तिढा पडला. प्रत्येक खाणीसाठी कंपनीने सुरुवातीलाच ६ कोटी डॉलर भरावेत, असे भारताने विकसनशील देशांच्या वतीने सुचवले. आरंभी काहीच शुल्क नको, असे अमेरिकेचे म्हणणे.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी अशा खाणीचे संगणकीय प्रतिरूप तयार केले होते. खर्च, धातूंचे भाव, शुल्क यांचे आकडे भरले, की नफ्याचा अंदाज मिळे. त्यातून दिसले, की उत्पन्न सुरू होण्याच्या पाच वर्षे आधी एवढी रक्कम भरावी लागली, तर खाण परवडणारच नाही. कारण चक्रवाढ व्याजाचे आहे. द.सा.द.शे. १० दराने ६ कोटींचे पाच वर्षांत सुमारे ९.६६ कोटी होतात! भारताने फेरविचाराची तयारी दाखवली. थोडे आरंभशुल्क कंपन्यांना झेपेल, हेही त्याच प्रतिरूपातून दिसले. तेव्हा अमेरिकेनेही आपली भूमिका बदलली.

संगणकाने निवाडा दिला नव्हता. 'असे केले तर काय होईल?' एवढेच तो सांगत होता. त्याची गृहीतके दोन्ही बाजूंना तपासता येत होती, म्हणून त्याच्यावर विश्वास बसला. अर्थात हिशेब जुळला तरी राजकारण उरतेच. १९८२ साली अमेरिकेने या कराराच्या विरोधात मत दिले.

आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची अडचण इथेच आहे. ती कितीतरी अधिक माहिती चाळते. पण एखादे उत्तर तिने का दिले, हे पुष्कळदा तिच्या निर्मात्यांनाही नीट उलगडून सांगता येत नाही. ज्याचा हिशेब तपासता येत नाही, अशा मध्यस्थाचे भांडणाऱ्यांनी का ऐकावे?

चक्रवाढ व्याज शिकवताना वर्गाचे दोन गट करून ही वाटाघाट जरूर घडवून पाहावी. हिशेब मात्र सर्वांना दिसेल असा फळ्यावरच मांडावा.