पाण्यातली साखर ओळखणारे कुलूप

साखर पाण्यात विरघळते हे लहान मूलही जाणते. पण विरघळलेली साखर पाण्यातच नेमकी हेरून धरून ठेवणारा रेणू घडवणे रसायनशास्त्राला शतकभर साधले नव्हते. आणि गंमत अशी, की रेणूंच्या ओळखीसाठी कुलूप-किल्लीची उपमा एमिल फिशरने 1894 मध्ये दिली, ती शर्करा आणि विकरे यांच्याच अभ्यासातून!

अडचण पाण्याचीच. ग्लुकोजच्या रेणूवर पाच हायड्रॉक्सिल गट असतात आणि पाण्याचा रेणू म्हणजे जवळजवळ तसाच गट. साखरेसाठी पसरलेले हात पाणीच आधी धरते. शिवाय गॅलॅक्टोज हा ग्लुकोजचा जुळा भाऊच; फरक केवळ एका गटाच्या दिशेचा.

निसर्गाने हे कोडे केव्हाच सोडवले आहे. शेंगदाण्यात, फणसाच्या आठळ्यांत लेक्टिन नावाची प्रथिने असतात. ती पाण्यातही शर्करा ओळखतात. या दोन्हींची त्रिमितीय रचना 1990 च्या दशकात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन आणि सहकाऱ्यांनी उलगडली.

मानवनिर्मित ग्राही रेणूंची वाटचाल मात्र अडखळत झाली. जपानमध्ये यासुहिरो आओयामा यांचे रेणू साखर धरत, पण कार्बनी द्रावकात. बोरॉनिक आम्लांनी पाण्यात काम भागवले, तरी साध्या बोरॉनिक आम्लांचा ओढा ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोजकडे.

ब्रिस्टल विद्यापीठाचे अँथनी डेव्हिस यांनी वेगळा विचार केला. ग्लुकोजचे हायड्रॉक्सिल गट कडेने पसरलेले असतात. वरची व खालची बाजू पाण्याशी काहीशी फटकून राहते. म्हणून त्यांनी देवळासारखा रेणू रचला: छत व तळ सुगंधी वलयांचे, खांब हायड्रोजन बंध जुळवणारे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रेणूत खांबांवर सहा युरिया गट होते, आणि इतर बहुतेक शर्करांपेक्षा त्याची ग्लुकोजवरची पकड शंभरपटीहून घट्ट होती. माझ्या मते या इतिहासातली ही सर्वांत देखणी रचना.

भारतासाठी हे दूरचे कुतूहल नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 च्या अहवालानुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत. इन्सुलिन टोचून घेणाऱ्याला साखर वाढण्याइतकीच, किंबहुना अधिक, धास्ती असते ती मध्यरात्री ती एकाएकी उतरण्याची. टोचलेल्या इन्सुलिनला रक्तात साखर किती उरली हे कळत नाही. ब्रिस्टलमधूनच निघालेली झायलो ही कंपनी 2018 मध्ये नोव्हो नॉर्डिस्कने घेतली. 2024 मध्ये नोव्होच्या संशोधकांनी असाच शर्कराग्राही इन्सुलिनला जोडल्याचे जाहीर केले. ग्लुकोज कमी असताना हा ग्राही इन्सुलिनवरच बसवलेला शर्करेचा तुकडा धरून त्याला मिटवून ठेवतो. ग्लुकोज वाढले की ते त्या तुकड्याची जागा घेते आणि इन्सुलिन उघडून कामाला लागते. जाहीर झालेले हे प्रयोग उंदीर आणि डुकरांवरचे होते.