खानदेशातील शिकारीचे दर

इंग्रजी अमलाच्या पहिल्या काही दशकांत खानदेशात वाघ मारणाऱ्याला सरकारकडे काही भरावे लागत नसे. उलट सरकारच त्याला बक्षीस देई. परवाना आणि शुल्क ही व्यवस्था नंतर आली आणि १९९१ मध्ये संपली. मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, या संपूर्ण काळात शिकारीच्या मुलुखाच्या काठावर राहिले. उत्तरेला सातपुडा, तालुक्यातच वढोद्याचे जंगल आणि चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम. झाडी, पाणी आणि चरणारी गुरे एकत्र आली की वाघ येतोच.

इंग्रजांपूर्वीही शिकारीला मोल होते, पण ते पैशात मोजले जात नसे. शेजारचे बुऱ्हाणपूर ही मोगलांची दक्षिणेतील राजधानी होती. मोगली रिवाजात वाघ-सिंहाची शिकार हा बादशहाचा हक्क. इतरांना ती परवानगीशिवाय करता येत नसे. दरबारातील स्थानावर ही परवानगी अवलंबून असे.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून खानदेश उजाड होत गेला. १८०२ मधील होळकरांच्या फौजेची लूट, पाठोपाठ आलेला दुष्काळ आणि पेंढाऱ्यांचे हल्ले यांमुळे गावे ओस पडली. शेतांत झुडपे माजली आणि वाघ सातपुड्यातून उतरून जिल्ह्याच्या मध्यापर्यंत आले. १८१८ मध्ये मुलूख इंग्रजांच्या हाती आला तेव्हा महसुलाच्या आड येणाऱ्या गोष्टींत त्यांना भिल्लांच्या बंडाबरोबर वाघही मोजावा लागला. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये एकट्या १८२२ सालाचा आकडा दिला आहे: हिंस्र जनावरांनी ५०० माणसे आणि २०,००० गुरे मारली. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या काही महिन्यांत साठाहून अधिक वाघ मारले गेले, तरी उपद्रव थांबेना. अखेर सरकारला वाघ मारण्यासाठी वेगळे पथकच बाळगावे लागले. हे आकडे नव्या राज्यकर्त्यांनी नोंदवलेले आहेत, त्यामुळे जुन्या अंदाधुंदीचे चित्र थोडे गडद करण्यात त्यांचा फायदा होता, हेही ध्यानात ठेवावे. तरीही पडीक जमिनीत वाघ वाढला, ही गोष्ट खोटी नाही.

याच काळात जेम्स औट्रम हा लष्करी अधिकारी खानदेशात आला. १८२५ मध्ये त्याने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. बंडखोर भिल्लांना शिपाई करण्याच्या कामी वाघाच्या शिकारीचा त्याला फार उपयोग झाला. १८२५ ते १८३४ या दहा हंगामांत १९१ वाघ त्याच्या उपस्थितीत मारले गेले, असे त्याच्या चरित्रात नोंदवले आहे. वाघाचा माग काढणे, हाका उठवणे, जखमी जनावराच्या मागे झाडीत शिरणे ही जिवावरची कामे भिल्लांचीच असत. नाव मात्र साहेबाचे झाले. पुढे पलटणीचा प्रमुख मेजर प्रोबिन यानेही हेच काम जोमाने चालवले. नांगर पुढे सरकला आणि वाघ डोंगरांपुरता उरला.

बक्षिसाची रीत साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात होती. जनावराचे कातडे कचेरीत दाखवावे आणि ठरलेली रक्कम घ्यावी. वाघाला जास्त, बिबट्याला त्याहून कमी आणि लांडग्याला त्याहूनही कमी, अशी उतरंड असे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभर ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे अशा रीतीने मारले गेले.

शिकाऱ्याकडून पैसे घेण्याची सुरुवात १८७८ पासून धरता येते. त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले. हत्यारांच्या कायद्याने बंदुकीला परवाना लावला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. वन कायद्याने राखीव जंगलातील शिकार सरकारी नियमांखाली आणली. सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल, तडवी आणि पारधी पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात सापळे आणि फासे लावत आले होते, त्या रानात आता ते विनापरवाना शिरलेले गुन्हेगार ठरू शकत होते. १९२७ च्या वन कायद्यात अशा गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होता. रजेवर आलेला लष्करी अधिकारी मात्र परवाना काढून त्याच रानात आठवडेच्या आठवडे तंबू ठोकून राही आणि हाक्याला त्याच भिल्लांना रोजावर लावी. रानातला रहिवासी आणि बाहेरचा पाहुणा यांची जागा कायद्याने अशी अदलाबदल केली.

१९१२ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्याने हरणे, गवे, रानरेडे, ससे, मोर, तितर यांना बंद हंगामाचे संरक्षण दिले. पहिल्या गुन्ह्याला ५० रुपयांपर्यंत दंड होता. त्या यादीत वाघ नव्हता आणि बिबट्याही नव्हता. सांबर पाळायचे आणि वाघ संपवायचा, असेच त्या काळचे धोरण होते.

एदलाबादच्या शिकाऱ्यापुढे आणखी एक पेच असे. पूर्व खानदेश मुंबई इलाख्यात होता. पूर्वेला मलकापूरच्या बाजूने वऱ्हाड लागे आणि ते १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेले होते. बुऱ्हाणपूरही मध्य प्रांतातच, आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे निजामाचा अंमल. जखमी वाघाला हद्द माहीत नसते, परवान्याला असते. मध्य प्रांतात जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत. एक ब्लॉक ठराविक मुदतीसाठी एकाच मंडळीला दिला जाई आणि कोणती जनावरे किती मारायची हे परवान्यातच लिहिलेले असे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायदा केला आणि शिकारीचे परवाने एका चौकटीत आणले. याच सुमारास परदेशी शिकाऱ्यांचा धंदा जोरात आला. नागपूरची ऑल्विन कूपर कंपनी अमेरिकन गिऱ्हाइकांना वाघाच्या शिकारीला नेत असे. प्रसिद्ध लेखक रॉबर्ट रुआर्क हे त्यांपैकी एक. गिऱ्हाईक डॉलरमध्ये पैसे मोजी आणि त्यात तंबू, जीप, खानसामा, शिकारी, मचाण, आमिषाची रेडके, सगळे आले. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला हा धंदा नकोसा नव्हता. या खर्चापुढे सरकारी परवान्याची रक्कम किरकोळच. हाकाऱ्यांच्या पदरी मात्र दिवसाची मजुरीच पडे.

स्थानिक आणि परका यांच्यातील फरक थेट शुल्कात मांडण्याची पद्धत अमेरिकेत रुजली. माँटाना राज्यात १९७६ मध्ये स्थानिक माणसाला एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना ९ डॉलरला मिळे. परराज्यातील शिकाऱ्याला त्यासाठी २२५ डॉलरचा एकत्रित परवाना घ्यावा लागे. तसाच एकत्रित परवाना स्थानिकाला ३० डॉलरला पडे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७८ मध्ये न्यायालयाने हा भेद वैध ठरवला. जनावरे जगवण्याचा खर्च राज्यातील लोक करांतून उचलतात, तेव्हा त्यांना सवलत मिळणे गैर नाही, असा राज्याचा युक्तिवाद होता. सातपुड्यात तोच युक्तिवाद कोणी लावला असता, तर सवलतीवर पहिला हक्क भिल्लांचा आणि गुरे गमावणाऱ्या शेतकऱ्यांचा ठरला असता.

तोवर भारतात वाघाची शिकारच बंद झाली होती. १९६९ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघटनेचे अधिवेशन भरले आणि पुढल्याच वर्षी बंदी आली. सातपुड्यातील यावल अभयारण्यही १९६९ चेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मात्र परवाने पूर्णपणे मोडीत काढले नाहीत. विशेष, मोठी आणि छोटी शिकार असे तीन परवाने आणि जनावरे पकडण्याचा चौथा, अशी रचना त्यात होती. परवानाधारकाने मारलेल्या जनावराची नोंद ठेवून ती अधिकाऱ्याला कळवायची होती. १९९१ च्या दुरुस्तीने हे सारे परवाने रद्द झाले.

१९७२ च्या मूळ कायद्यात सर्वसाधारण गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड होता. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वाघासारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. माणसाच्या जिवाला धोका असलेल्या वाघाला मारण्याची परवानगी फक्त राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो. पिकांची नासाडी करणाऱ्या रोही आणि रानडुकरांसाठी वेगळी, खालच्या पातळीवरची परवानगी आहे.

वढोद्याच्या जंगलात वाघ अजून आहे. मेळघाटापासून यावलपर्यंतच्या त्याच्या वाटेवरचा हा टप्पा आता मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र झाला आहे. वाघाच्या हल्ल्यात माणूस दगावला तर राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देते आणि गुरे मारली गेली तर पंचनामा करून मालकाला भरपाई मिळते.